यंदाचं हळदीकुंकू सगळ्याजणींसाठी: बोलावणं, वाण, तिळगूळ, कसं करायचं ते

डिसेंबर सरत आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, यंदा वाण काय, कुठून आणलं, कितीला पडलं. मला ही सगळी गडबड मनापासून आवडते. काळी साडी, सुगडं, हलवा, दाराबाहेर चपलांचा ढीग, गॅसवर मसाला दूध आणि घरात नुसता कलकलाट. पण बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला एक गोष्ट घडली आणि ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. तीळ तिने भाजले, लाडू तिने वळले, वाणाच्या पिशव्या तिने भरल्या, आणि संध्याकाळी पाचला पहिली बेल वाजली तशी ती चष्मा उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. कोणी काही बोललं नव्हतं, मीही तिला थांबवलं नाही. बाहेर चाळीस जणींना हसून हसून कुंकू लावत राहिले. मध्येच पिशव्या संपल्या म्हणून आत गेले तर ती पलंगावर बसून पिशव्यांना दोरा बांधत होती, दिवासुद्धा लावला नव्हता. मला म्हणाली, संपल्या का, अजून आठ बांधून ठेवल्यात बघ.

त्या आठ पिशव्या घेऊन मी बाहेर आले. त्या रात्री ठरवलं की यापुढे आपल्या घरी हळदीकुंकू होईल तर आईसकट होईल. आता इतकी वर्षं झाली करतोय, काय जमलं, काय चुकलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांच्या मनात आहे पण सुरुवात कशी करायची कळत नाही त्यांना उपयोग होईल.

आधी थोडा इतिहास, कारण तुम्ही असं काही करायचं म्हटलं की घरातलं कोणीतरी म्हणणारच, अगं आपली परंपरा आहे ती, त्यात कशाला बदल. तेव्हा हाताशी चार गोष्टी असलेल्या बऱ्या. आमच्या नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, संक्रांतीलाच पानिपत झालं, इतक्या बायकांचं कुंकू पुसलं गेलं, तो दिवस असल्या प्रयोगांचा नाही. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे बरोबर आहे, पण संक्रांत काही कायम १४ तारखेला नसते, ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो संक्रांतीचा दिवस होता, म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधी ती १०-११ तारखेच्या आसपास यायची. त्यामुळे त्या वर्षी संक्रांत होऊन दोन-चार दिवस झाल्यावर ही लढाई झालेली आहे. आणि पानिपतचंच बोलायचं तर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः तिथे होत्या, त्या रणातून जिवंत परत आल्या, नवरा गेला हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही आणि १७८३ मध्ये जाईपर्यंत विधवेचं जिणं स्वीकारलं नाही. अर्थात त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या. त्याच पानिपतात नवरा गेलेल्या, गावोगावच्या साध्या घरांतल्या बायकांना कोणी विचारलं असेल, तुला कुंकू ठेवायचंय का म्हणून? मी काकूंना एवढंच विचारलं, त्या बराच वेळ गप्प बसल्या.

कुंकू नाही एवढ्यावरच तेव्हा भागत नव्हतं, हेही आपल्याला माहीत पाहिजे. केस काढायचे, लाल आलवण नेसायचं, एक वेळ जेवायचं, शुभकार्यात समोर यायचं नाही, आणि यातल्या कितीतरी जणी दहा-बारा वर्षांच्या पोरी असायच्या. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला तरी समाज बधला नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही, ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तर मुरूड या त्यांच्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं.

आणि याच सणाची दुसरी बाजू ऐका. जानेवारी १८५२ मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळाचा तिळगूळ समारंभ केला आणि बोलावण्यातच स्पष्ट लिहिलं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. १८५२ मध्ये, पुण्यात! म्हणजे परंपराच पाहिजे असेल तर हीसुद्धा परंपराच आहे, पावणेदोनशे वर्षं होत आली तिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. गावं ठराव करतायत, मग आपल्या टू बीएचकेमध्ये काय अडचण आहे.

आता बोलावण्याकडे येते, खरं काम इथेच असतं.

ग्रुपवर जो तयार मेसेज फिरतो ना, सुवासिनींनी अगत्य यावे वाला, तो आधी बाजूला ठेवा. त्या एका शब्दाने किती जणी गळतात मोजून बघा. नवरा गेलेल्या, घटस्फोट झालेल्या, लग्न न केलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, आणि ज्यांचा नवरा आयसीयूत आहे आणि ज्यांना त्या दिवसांत हा शब्द वाचवत नाही त्यासुद्धा. मी असा मेसेज लिहिते: "रविवारी संध्याकाळी ५ ते ८ आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आणि तिळगूळ आहे, बिल्डिंगमधल्या सगळ्याजणींनी यायचंय, आई, सासूबाई, मुली, घरी पाहुण्या आल्या असतील तर त्यांनाही घेऊन या." बस एवढाच. "विधवा महिलांचेही स्वागत" असलं चुकूनही लिहू नका. पहिल्या वर्षी मी नेमकं तेच लिहिलं होतं, चांगल्या मनाने लिहिलं होतं, पण खालच्या मजल्यावरच्या काकू आल्याच नाहीत आणि नंतर मला म्हणाल्या, तू माझ्या पाठीला पाटी लावलीस गं. तेव्हापासून मेसेजमध्ये कोणाचा वेगळा उल्लेख नाही.

मेसेज टाकला की काम झालं असंही नाही. ज्यांना वर्षानुवर्षं कोणी बोलावलेलं नाही त्यांना "सगळ्याजणी" यात आपण येतो हेच खरं वाटत नाही. त्यांच्याकडे स्वतः जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि तोंडाने सांगायचं. आणि तिथेच हळूच विचारून घ्यायचं, काकू, कुंकू लावू ना तुम्हाला? हे आधी विचारणं फार महत्त्वाचं आहे. भर हॉलमध्ये वीस जणींसमोर एकदम कुंकवाचं बोट पुढे केलं तर ती बाई ना हो म्हणू शकते ना नाही म्हणू शकते. कोणी आनंदाने हो म्हणतं, कोणी म्हणतं नुसती हळद लाव, कोणाला अजिबात नको असतं, आणि ज्यांना नको त्यांना समजावत बसायचं नाही, त्यांचा नवरा गेलाय, दुःख त्यांचं, कपाळही त्यांचंच. माझ्या ताटात हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी आणि मोगरा मिळाला तर मोगरा नाहीतर शेवंती असते, आणि प्रत्येकीला, अगदी नव्या नवरीलासुद्धा, मी ताट पुढे करून विचारते काय लावू. सगळ्यांनाच विचारलं की कोणी वेगळी पडत नाही. शेजारच्या मुस्लिम भाभी अत्तर लावून घेतात आणि फूल माळतात, दोन वर्षांपासून त्या येताना त्यांच्याकडचे खजूर घेऊन येतात.

घरी कामाला येणाऱ्या मावशींचं विशेष सांगते. बऱ्याच ठिकाणी त्यांना हळदीकुंकू होतं पण स्वयंपाकघराच्या दारात, आणि वाण वेगळं, स्वस्तातलं. असं करू नका. त्यांना त्या दिवशी कामाला बोलवायचंच नाही, पाहुणी म्हणून बोलवायचं, सोफ्यावर बसवायचं, वाण तेच द्यायचं. कप कोण विसळणार हा प्रश्न असेल तर नवरा आणि मुलं आहेत ना घरात. पहिल्या वर्षी मावशी सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी उठून कप गोळा करत होत्या, माझ्या मुलीने शेवटी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं.

आता वाण. इथे माझं मत थोडं कडक आहे. संक्रांतीचं वाण मुळात शेतातल्या नव्या पिकाचं, सुगडात हरभरे, बोरं, उसाचे करवे, गाजर, शेंगा, गव्हाच्या लोंब्या, तिळगूळ घालून एकमेकींना द्यायचं. त्याचं आता काय झालंय तर जानेवारीत प्रत्येक घरात पंधरा-वीस प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणदाण्या आणि चिमटे येतात, ते माळ्यावर जातात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालातरी वाण म्हणून जातात. मी स्वतः बोहरी आळीतून डझनाच्या भावाने अशा वस्तू आणलेल्या आहेत, गर्दीत तास-तास उभी राहून, आणि आणल्यावर प्रत्येक वेळी वाटलंय की हे मला कोणी दिलं असतं तर मी वापरलं नसतं. महागड्या वाणाचा दुसरा त्रास असा की चढाओढ लागते. एकीने स्टीलची बरणी दिली की दुसरीला पितळी दिवा द्यावासा वाटतो, आणि ज्या घरात पैशाची ओढाताण आहे ती बाई हळदीकुंकू करणंच सोडून देते, नंतर जाणंही सोडते, कारण घेतलं की परत द्यावं लागतं. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही पण मी तीन घरं अशी पाहिलीत.

म्हणून आधी आकडा ठरवा आणि मग बाजारात जा, उलटं नको. आमच्याकडे साधारण चाळीस जणी येतात, प्रत्येकी ६० रुपये धरले की २४०० झाले, त्याच्यावर जायचं नाही. मग त्या साठ रुपयांत लगेच वापरात येईल असं काय मिळतं ते बघायचं. एका वर्षी बचत गटाकडून घेतलेली मटकी आणि हुलगे पाव पाव किलो, एका वर्षी कापडी पिशव्या (आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांच्या, शिलाई टेलरकाकूंनी केली), एका वर्षी गवती चहाचे ठोंब कागदात गुंडाळून, ते इतके लागले की आता अर्ध्या बिल्डिंगच्या गॅलरीत गवती चहा आहे. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, तिथे गावोगावचे बचत गट आलेले असतात, तारखा आधी बघून ठेवा, एकदम चाळीस नग घेताय म्हटल्यावर भावही बरा मिळतो. मात्र त्या बायकांशी तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका. मसाला कांडून, पॅक करून, एसटीने पुण्यापर्यंत आणून त्यांना त्यात किती सुटत असेल याचा विचार करा.

सुगडं शक्यतो कुंभाराकडून घ्या, ऐन भोगीच्या दिवशी चौकात दुप्पट भाव असतो आणि घाईत तडा गेलेलं गळ्यात पडतं. चार-पाच दिवस आधी जा, प्रत्येक सुगड बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर परत ठेवा. कुंकवाच्या बाबतीत हलगर्जीपणा नको, हल्ली स्वस्तातल्या पुड्यांमध्ये नुसता रंग असतो आणि कपाळाला खाज येते. खरं कुंकू हे हळदीचंच असतं, तिच्यावर क्षाराची प्रक्रिया केली की ती लाल होते, करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, तिकडचं मिळालं तर जरूर घ्या. रंग अगदी भडक चमकणारा असेल तर मी घेत नाही.

तिळगूळ घरी करा, अवघड नाही, फक्त पाक कळला पाहिजे. पाव किलो तीळ (पॉलिश न केलेले), पाव किलो चिकीचा गूळ, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचं जाडसर कूट, चमचाभर तूप, वेलची. तीळ मंद आचेवर सतत हलवत भाजा, तडतडायला लागले आणि चिमटीत चुरडले की लगेच काढा, कढईतच ठेवले तर खालचे करपतात आणि सगळा घाणा कडू होतो. तूप घालून गूळ वितळवा, फेस आला की आच कमी करा आणि वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघा. पहिल्यांदा तो पसरतो, मग मऊ गोळी होते, मग कडक गोळी होते, ती ताटलीत टाकली की टण्ण वाजते. टण्ण वाजली की गॅस बंद, तीळ, कूट, वेलची सगळं एकदम आत, ढवळा, आणि हाताला पाणी लावून गरम असतानाच भराभर वळा. इथे दोघी-तिघी लागतात, एकटीने केलं तर निम्मं मिश्रण कढईतच दगड होतं. असं झालंच तर परत अगदी मंद आचेवर ठेवा, सैल होतं. यात छोटे पस्तीस-चाळीस लाडू होतात. ज्यांना दाताचा त्रास आहे त्यांच्यासाठी साधा गूळ घेऊन, मऊ गोळीवरच गॅस बंद करून, कूट दुप्पट घालून वड्या थापा. आमच्याकडे सत्तरीच्या पुढच्या सहा-सातजणी येतात, त्यांच्यासाठी वेगळा डबा असतो. आईला अजूनही गरम मिश्रणाचं काही वाटत नाही, तळहात लाल होतात पण तिचा लाडू माझ्यापेक्षा गोल असतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी सगळ्यात नाजूक प्रसंग उखाण्याचा. सगळं छान चाललेलं असतं आणि कोणीतरी म्हणतं, चला आता नाव घ्या, आणि ओळीने घ्यायला लागलं की पाचव्या नंबरवर बसलेल्या बाईचा चेहरा उतरायला लागतो कारण तिला कळतं आता आपला नंबर येणार. उखाणे बंद करायची काहीच गरज नाही, मजा असते त्यात. फक्त सुरुवातीलाच सांगून टाका की नाव कोणाचंही घ्यायचं, आईचं, मैत्रिणीचं, नातवाचं, शिकवणाऱ्या बाईंचं, आणि पहिला उखाणा तुम्ही स्वतः तसा घ्या म्हणजे बाकीच्यांना धीर येतो. मी आईला शेजारी घेऊन बसते आणि हा घेते:

तीळ भाजले मंद आचेवर, गूळ घातला किसून,
आईचं नाव घेते, तिच्या शेजारी बसून.

त्यानंतर कोण काय नाव घेतं ते ऐकण्यासारखं असतं. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी गेल्या वर्षी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचंच नाव घेतलं, अठरा वर्षांनी, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि घेऊन झाल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या.

फोटोंचं सांभाळा. आपण काहीतरी सुधारणेचं काम केलं म्हणून त्या बायकांना कुंकू लावतानाचे फोटो स्टेटसला टाकू नका, त्यांच्या सासरचे, गावाकडचे लोक बघतात आणि भोगावं त्यांना लागतं. सगळ्यांचा एकत्र ग्रुप फोटो काढायचा, तोही विचारून.

घरातल्या ज्येष्ठांचा विरोध असेल तर भांडून हा कार्यक्रम करू नका असं मी सांगेन, कारण जिच्यासाठी करताय तिलाच त्या तणावात बसावं लागतं. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी नाराज होत्या. त्यांना मी कुंकवाबद्दल काहीच बोलले नाही, एवढंच म्हणाले की दारात उभं राहून तिळगूळ द्यायचं काम तुम्ही आणि आई दोघी मिळून करा. दोघी विहिणी, तीन तास दारात शेजारी उभ्या होत्या, गप्पा मारून मारून दोघींचा घसा बसला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालतो, त्यामुळे घाई नाही, घरचे तयार होईपर्यंत आठ दिवस थांबता येतं.

आणि ज्या येणार नाहीत त्यांच्यावर राग धरू नका. दरवर्षी दोन-तीन जणी येत नाहीत, एकीने तर मला स्पष्ट सांगितलं की हे आम्हाला पटत नाही. मी त्यांचं वाण आणि तिळगूळ बाजूला काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हाताने पोचवते. गेल्या वर्षी त्या स्पष्ट बोलणाऱ्या बाईंकडे आई गेली, दारातूनच डबा देऊन परत आली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाई डबा परत द्यायला आल्या, त्यात चार गुळाच्या पोळ्या होत्या, वर तुपाची छोटी वाटी, आणि म्हणाल्या, आईंनी खास काकूंसाठी पाठवल्यात.